न मोजलेली कळ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचे सावरगाव आणि नदीपलीकडचे पांढुर्णा यांच्यामध्ये गोटमार होते, हे या मासिकाच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. मधून जाम नदी वाहते. तिच्या पात्रात झेंडा लावलेले पळसाचे झाड रोवतात आणि दोन्ही काठांवरून दिवसभर दगडांचा वर्षाव चालतो. पांढुर्ण्याचा एक मुलगा सावरगावच्या मुलीस पळवून नेत असता ऐन नदीत दोन्हीकडच्या लोकांनी त्या दोघांस दगडांनी गाठले, अशी आख्यायिका सांगतात. त्या नात्याने आम्ही सावरगावकर मुलीकडचे. त्या दिवशी काठावर औषधोपचाराची तात्पुरती केंद्रे उघडली जातात, रुग्णवाहिका सज्ज उभ्या असतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत जखमींचा आकडा छापून येतो. हा आकडा शेकड्यांत असतो.

प्रथा चांगली की वाईट, हा आजचा विषय नव्हे. मला सांगावयाचे आहे ते एवढेच की, दिसणारी जखम मोजली जाते. डोके फुटले तर टाके पडतात, टाके पडले तर नोंद होते आणि नोंद झाली म्हणजे शासनासही जाग येते. परंतु याच मुलीकडच्या गावात, आणि तसे पाहिले तर प्रत्येक गावात, काही मुली दर महिन्याला दोन-चार दिवस अंथरुणावर गुडघे पोटाशी घेऊन पडलेल्या असतात. त्यांच्या कळेची मोजदाद कोठेही होत नाही. तिची काही पुसट नोंद राहत असेल तर ती शाळेच्या हजेरीपटात. आयुष्याची तीस वर्षे मी हजेरीपट लिहिले व तपासले. त्यातील त्या मासिक अनुपस्थितीचा अर्थ मात्र मला फार उशिरा कळला.

तो कसा कळला हे सांगण्यापूर्वी ज्या व्याधीविषयी हा लेख आहे तिची ओळख करून देणे इष्ट होईल.

व्याधीचे स्वरूप

या व्याधीचे नाव एंडोमेट्रिऑसिस. नाव जड आहे, पण गोष्ट समजण्यास कठीण नाही. गर्भाशयाला आतून एक मऊ अस्तर असते. दर महिन्याला ते वाढते, जाड होते आणि गर्भ न राहिल्यास गळून रक्तावाटे बाहेर पडते. हीच मासिक पाळी. एंडोमेट्रिऑसिसमध्ये या अस्तरासारख्याच पेशी गर्भाशयाच्या बाहेर आढळतात. त्या बीजकोशांवर, गर्भनलिकांवर, ओटीपोटाच्या आतील पडद्यावर, क्वचित आतड्यावर किंवा मूत्राशयावर रुजलेल्या असतात. शरीरातील अंतःस्रावांच्या चढउताराबरोबर या पेशीही दर महिन्याला सुजतात व त्यांतून रक्त पाझरते. गर्भाशयातील रक्तास बाहेर पडण्याची वाट आहे, या रक्तास ती नाही. त्यामुळे भोवताली दाह होतो, व्रण पडतात आणि पोटातील अवयव एकमेकांस चिकटू लागतात. बीजकोशात असे जुने रक्त साठून गाठ तयार झाली तर तिच्या तपकिरी रंगामुळे डॉक्टर तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. नाव गोड असले तरी दुखणे अजिबात गोड नाही.

पाळीच्या वेळची असह्य कळ हे या रोगाचे मुख्य लक्षण होय. त्याशिवाय पाळी नसतानाही ओटीपोट व कंबर दुखणे, शौचाच्या अगर लघवीच्या वेळी वेदना, पतिपत्नीसंबंधात वेदना, अतिरक्तस्राव, पोट फुगणे, सतत थकवा आणि काही स्त्रियांमध्ये मूल न होणे, अशी ही मालिका आहे. गंमत अशी, आणि तिला गंमत म्हणणेही जिवावर येते, की पोटात रोग किती पसरला आहे आणि वेदना किती आहे यांचा मेळ बसतोच असे नाही. थोडा रोग असलेली स्त्री तळमळते, आणि पुष्कळ रोग असलेल्या एखादीस मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच तो सापडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पाळी येणाऱ्या वयातील दर शंभर मुली व स्त्रियांपैकी सुमारे दहा जणींस ही व्याधी असते. साऱ्या जगाचा हिशेब केला तर ही संख्या एकोणीस कोटींच्या घरात जाते. म्हणजे चाळीस मुलींच्या वर्गात, सरासरीने, चार जणी.

रोग नवा नाही. आपल्या चरकसंहितेत वीस योनिव्यापदांचे वर्णन आहे आणि त्यांत वेदनायुक्त रजःस्रावाची व्याधीही येते. आधुनिक वैद्यकात व्हिएन्ना येथील कार्ल रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये अशा विकृतीचे वर्णन केले. अमेरिकेतील आल्बनी येथील जॉन सॅम्पसन यांनी १९२० नंतरच्या दशकात तिला आजचे नाव दिले आणि १९२७ मध्ये तिची उपपत्ती मांडली. पाळीच्या वेळी काही रक्त गर्भनलिकांतून उलट पोटात जाते व त्यातील पेशी तेथे रुजतात, असे त्यांचे म्हणणे होते. ही उपपत्ती आजही महत्त्वाची मानली जाते. परंतु एक कोडे उरते. असे उलटे रक्त बहुतेक स्त्रियांच्या पोटात जाते, मग पेशी काहींच्याच पोटात का रुजतात? आजचे संशोधन या एका प्रश्नाभोवती फिरत आहे.

तेरा वर्षे

आता माझ्या घरातील गोष्ट. जिची ही गोष्ट आहे तिच्या संमतीने, किंबहुना तिच्या आग्रहावरून ती येथे लिहीत आहे.

माझी एक भाची शिक्षणासाठी आमच्याकडे राहत असे. चौदाव्या वर्षापासून तिची पाळी म्हणजे साऱ्या घराची परीक्षा असे. ती भिंतीला टेकून बसे, ओठ दाताखाली धरी, कधी ओकारी काढी. माझी आई तिला ओवा-हिंगाचे पाणी देई, गरम विटेने पोट शेके आणि म्हणे, "पोरी, बाईच्या जातीला हे असतंच. लगन झालं, एक लेकरू झालं, की सारं बसते जागेवर." आईचे काही चुकत होते असे मी म्हणणार नाही. तिला तिच्या आईने हेच सांगितले होते. चुकत असेल तर माझे चुकत होते. मी शिकलेला, पुस्तके वाचणारा, आणि तरीही 'हा बायकांचा विषय' म्हणून त्या वेळी अंगणात जाऊन बसणारा.

पुढे तिचे लग्न झाले. दुखणे जागेवर बसले नाही, उलट वाढले. एका खाजगी दवाखान्यात अपेंडिक्स म्हणून तिच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली. अपेंडिक्स गेले आणि कळ तशीच राहिली. मूल होईना तेव्हा नवस झाले, उपास झाले, आणि माणसे बोलतात ते सारे बोलून झाले. सोनोग्राफी दोनदा झाली. दोन्ही वेळा "काही नाही" असे सांगण्यात आले. ज्या पोटात काही नाही ते इतके दुखते कसे, याचा निष्कर्ष लोकांनी आपापल्या परीने काढला. कोणी नाटक म्हटले, कोणी मनाचा रोग म्हटले.

सत्ताविसाव्या वर्षी नागपुरात एका डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून अर्धा तास फक्त प्रश्न विचारले. मग दुर्बिणीतून पोट तपासले आणि रोगाला नाव मिळाले. परत येताना गाडीत ती मला म्हणाली, "मामाजी, मला पहिल्यांदाच कोणी विचारलं, कळ येते म्हणजे नेमकी कशी येते." तेरा वर्षांत हा प्रश्न कोणी केला नव्हता. त्या तेरा वर्षांपैकी पाच वर्षे ती माझ्या डोळ्यांसमोर होती.

माझी समजूत होती की असे दुर्दैव आमच्याच वाट्यास आले. पुढे वाचनात आले की लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत चार ते बारा वर्षे जाणे ही जगभराचीच रीत आहे, आणि श्रीमंत देशही तिला अपवाद नाहीत. तेव्हा दोष एकट्या आमच्या आईचा नाही, एकट्या त्या दवाखान्याचाही नाही. दोष एका मोठ्या मौनाचा आहे, आणि ते मौन ज्ञानाच्या क्षेत्रातही होते.

गडचिरोलीचा धडा

हे मौन मोडण्याचे एक थोर काम आमच्या शेजारच्या विदर्भातच झाले, याचा प्रत्येक मराठी माणसास अभिमान वाटावा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग हे दांपत्य १९८६ च्या सुमारास गडचिरोलीस जाऊन राहिले व त्यांनी 'सर्च' ही संस्था उभारली. खेड्यातील स्त्रिया स्त्रीरोगांची तक्रार घेऊन फारशा येत नाहीत, म्हणून त्यांना ते रोग फारसे नसावेत, अशी समजूत त्या काळी होती. स्त्रीच्या आरोग्याचा शासकीय विचार बाळंतपण आणि कुटुंबनियोजन या दोन शब्दांत संपत असे. डॉ. राणी बंग यांनी ही समजूत तपासून पाहावयाचे ठरविले. दवाखान्यात येणाऱ्यांनाच न मोजता त्यांनी दोन गावांतील स्त्रियांनाच विचारले व तपासले.

एकंदर ६५० स्त्रियांची तपासणी झाली. हा अभ्यास १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या जगद्विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शंभरांतील ब्याण्णव स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. सरासरीने प्रत्येकीस तीनांहून अधिक. आणि त्यापूर्वी आयुष्यात कधीही स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत केवळ आठ होत्या.

ब्याण्णव आणि आठ. मला वाटते, विदर्भाच्या भूमीतून निघालेल्या या दोन आकड्यांनी जितके मौन मोडले तितके शेकडो भाषणांनी मोडले नसते. स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ प्रसूती नव्हे, हा विचार पुढे जगभर मान्य होण्यात या अभ्यासाचा वाटा मोठा आहे. हा अभ्यास एंडोमेट्रिऑसिसचा नव्हता, हे स्पष्ट सांगावयास हवे. परंतु त्याने घालून दिलेला धडा या रोगालाही लागू पडतो. तक्रार नाही याचा अर्थ दुखणे नाही असा होत नाही. स्त्री बोलत नसेल तर विचारणाऱ्याने तिच्या दारी जावे, तिच्या भाषेत विचारावे आणि कान देऊन ऐकावे. डॉ. राणी बंग यांच्या मराठी पुस्तकाचे नावच 'कानोसा' आहे.

एकट्याने न उलगडणारे कोडे

आता संशोधनाकडे वळू. जो रोग इतका सर्वत्र आहे त्याचे कोडे इतकी वर्षे का सुटले नाही? अनेक कारणांपैकी एक कारण आम्हा शिक्षकांस चटकन समजण्यासारखे आहे.

समजा, दहा शाळांनी आपापल्या प्रश्नपत्रिका काढल्या, आपापल्या पद्धतीने उत्तरे तपासली आणि मग निकाल एकत्र मांडले. कोणत्या शाळेचा विद्यार्थी हुशार, हे त्यांवरून ठरेल काय? एंडोमेट्रिऑसिसच्या संशोधनात हेच होत होते. एका रुग्णालयात वेदना एका रीतीने विचारली जाई, दुसऱ्यात दुसऱ्या. शस्त्रक्रियेत दिसलेले डाग एक वैद्य एका शब्दाने नोंदवी, दुसरा दुसऱ्या. रक्ताचे व ऊतींचे नमुने कोणी लगेच गोठवी, कोणी उशिरा. परिणामी एकाचा निष्कर्ष दुसऱ्यास पडताळता येईना. कोणत्याही एका रुग्णालयाजवळ एवढ्या रुग्णाही नव्हत्या की त्याने एकट्याने खात्रीने काही सांगावे.

या अडचणीवर उपाय म्हणून एंडोमेट्रिऑसिसच्या संशोधनास वाहिलेल्या एका जागतिक प्रतिष्ठानाने निरनिराळ्या देशांतील वैद्य व शास्त्रज्ञ एकत्र आणले. २०१४ मध्ये त्यांनी सर्वांसाठी समान साधने प्रसिद्ध केली. रुग्णेस विचारावयाचे प्रश्न, शस्त्रक्रियेतील निरीक्षणे टिपण्याचा तक्ता, आणि रक्तादी द्रव व ऊती घेण्याची व साठविण्याची पद्धत, हे सारे एकच ठरले. 'इफेक्ट' या संक्षिप्त नावाने हा उपक्रम ओळखला जातो. ज्याप्रमाणे पायली-कुडवाची मापे गावोगाव निराळी असता व्यापार अडत असे आणि लिटर-किलोची मापे आल्यावर तो मोकळा झाला, तसेच हे म्हणता येईल. माप एक झाल्याखेरीज ज्ञानाचाही व्यवहार होत नाही.

सहकार्याचे फळ काय मिळते याचे एक उदाहरण देतो. २०२३ च्या मार्च महिन्यात 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली अनेक देशांच्या संघांनी केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एंडोमेट्रिऑसिस असलेल्या ६०,६७४ स्त्रियांच्या आणि तो नसलेल्या सात लाखांवर व्यक्तींच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना केली होती. या रोगाशी संबंध असलेली बेचाळीस स्थाने त्यातून हाती आली. या रोगाचे आणि अर्धशिशी, पाठदुखी यांसारख्या दीर्घकालीन वेदनांचे मूळ काही अंशी समाईक आहे, हेही दिसून आले. म्हणजे ज्या बाईला "हिचे डोके दुखते, पाठ दुखते, पोट दुखते, हिचे सारेच दुखते" म्हणून हिणवतात, तिच्या त्या सर्व दुखण्यांत एक सूत्र असू शकते, ही गोष्ट लाखो नमुन्यांच्या साक्षीने पुढे आली. कोणत्याही एका रुग्णालयास हे जन्मात साधले नसते.

तथापि या अभ्यासात आपल्या दृष्टीने एक मोठी उणीव होती. त्यातील स्त्रिया युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या होत्या. भारतीय स्त्री त्या तुलनेत जवळजवळ नव्हतीच. तिचा आहार वेगळा, लग्नाचे व बाळंतपणाचे वय वेगळे, वंशपरंपरा वेगळी. दुसऱ्यांच्या मापाने शिवलेला अंगरखा आपणांस बसेलच असे नाही.

ही उणीव भरून काढण्याचे काम मुंबईत, परळ येथे चालले आहे. तेथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. डॉ. राहुल गजभिये यांच्या पुढाकाराने तेथून देशाच्या निरनिराळ्या भागांतील रुग्णालयांस एकत्र जोडून भारतीय स्त्रियांतील एंडोमेट्रिऑसिसचा वैद्यकीय व आनुवंशिक अभ्यास हाती घेण्यात आला आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे त्यास सहकार्य आहे आणि वर सांगितलेली समान मापेच त्यात वापरली जातात. शस्त्रक्रियेने रोगाची खात्री पटलेल्या स्त्रिया आणि तो नसलेल्या स्त्रिया अशा दोन्ही गटांची माहिती व नमुने त्यात घेतात. आपल्याकडील रोगाची रूपे कोणती, त्याची आनुवंशिक मुळे कोणती, आणि शस्त्रक्रियेशिवाय तो ओळखण्याची काही खूण सापडते काय, असे त्यांचे प्रश्न आहेत. आपल्या लेकीसुनांच्या पोटातील कळ आता जगाच्या मापात मोजली जाऊ लागली, ही सामान्य गोष्ट नव्हे.

निदान आणि उपचार

पूर्वी दुर्बीण पोटात घालून प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज निदान पक्के मानीत नसत. त्यामुळे पुष्कळ वर्षे जात. अविवाहित मुलीच्या पोटाला छिद्र पाडावयास कोण आईबाप तयार होतील? २०२२ मध्ये युरोपातील प्रजननशास्त्राच्या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. लक्षणे नीट ऐकून, तपासणी करून व जाणकाराकडून सोनोग्राफी अगर एमआरआय करून उपचार सुरू करता येतात आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया प्रत्येकीस आवश्यक नाही, असे त्यांत सांगितले आहे. मात्र सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणून रोग नाहीच, असेही समजू नये. लहान व उथळ डाग तीत दिसत नाहीत. आमच्या घरी हेच झाले होते.

रक्तातून किंवा लाळेतून निदान करण्याचे प्रयत्न चालू आहेत. फ्रान्समध्ये लाळेतील सूक्ष्म आरएनएच्या आधारे एक चाचणी तयार करण्यात आली आहे. तिची कसोटी पुरती लागावयाची आहे. शासनांनीही आता लक्ष घातले आहे. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये या रोगासाठी राष्ट्रीय कृतियोजना जाहीर केली आणि २०२२ च्या जानेवारीत फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी स्वतः या रोगाविरुद्धच्या राष्ट्रीय धोरणाची घोषणा केली.

उपचारांविषयी थोडक्यात सांगतो. औषधे नेमून देणे हे डॉक्टरांचे काम, माझे नव्हे. रोग समूळ नाहीसा करणारा उपाय अजून हाती आलेला नाही. परंतु त्यास काबूत ठेवता येते. वेदनाशामके, अंतःस्रावांवर परिणाम करणाऱ्या गोळ्या आणि गरज पडेल तेथे दुर्बिणीची शस्त्रक्रिया, असे टप्पे आहेत. शस्त्रक्रियेनंतरही रोग परत येऊ शकतो, म्हणून पुढील औषधे व तपासणी सोडू नये. काही स्त्रियांना गर्भधारणेसाठी वेगळे साहाय्य लागते आणि पुष्कळजणींस ते फळते.

"लग्न करा, मूल होऊ द्या, बरे होईल" हा सल्ला उपचार नव्हे. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काहींना काही काळ आराम पडतो, एवढेच. एका रोगी मुलीचे ओझे दुसऱ्या घरावर टाकण्यासाठी मात्र हा सल्ला फार सोयीचा पडतो.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. कळ थांबेना म्हणून गर्भाशयच काढून टाकावयाचे. मराठवाड्यात बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांबाबत हे किती दूरवर गेले, ते २०१९ मध्ये उघड झाले. महाराष्ट्र शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२,००० ऊसतोड स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यामागे मजुरी बुडण्याचे भय होते, अज्ञान होते, आणि नफाही होता. त्यांतील किती जणींना कोणता रोग होता, हे आता कोण सांगणार? एंडोमेट्रिऑसिसमध्ये गर्भाशय काढल्याने रोग जातोच असेही नाही, कारण रोगाच्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर असतात. म्हणून असा निर्णय दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचे मत घेतल्याखेरीज कोणीही करू नये.

कळेची भाषा

मी भाषेचा शिक्षक. म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या रोगाचे निदान निम्मे तरी स्त्रीच्या शब्दांवर अवलंबून आहे. आणि वेदनेसाठी आपली मराठी किती समृद्ध आहे पहा. कळ येते, शूळ उठतो, ठणका लागतो, चमक निघते, पेटके येतात, पोट पिरगळते, कंबर धरते, ओटीपोटात जड जड वाटते. यांतील प्रत्येक शब्द निराळा आहे आणि जाणत्या डॉक्टरास प्रत्येकातून निराळी खूण मिळू शकते. कळ कोठून निघते, कोठे जाते, पाळीच्या आधी किती दिवस सुरू होते, शौचाला बसताना वाढते काय, हे सारे सांगण्याची ताकद आमच्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या आयाबायांच्या बोलीत आहे.

पण आम्ही सीमेपलीकडचे मराठी लोक. घरात मराठी, कचेरीत व दवाखान्यात हिंदी. आमची बाई डॉक्टरांपुढे बसली की तिचे हे सारे शब्द गळून पडतात आणि "पेट में दर्द है" एवढेच उरते. डॉक्टर तेवढेच लिहितात. पाळीचे तर नावच नाही. "कावळा शिवला", "बाजूला बसली", "अडचण आली" असल्या आडोशाच्या शब्दांनी आपण ती झाकून ठेवली आहे. झाकलेल्या गोष्टीचे दुखणे उघडे कसे व्हावे? म्हणून माझे सांगणे असे की, दवाखान्यात जाताना मुलीने आपल्या कळेचे वर्णन आधी आपल्या बोलीत कागदावर लिहून न्यावे. तारीख, किती दिवस, कोठे, कशी, त्या दिवशी काय करता आले नाही. दोन-तीन महिन्यांचे असे टिपण हाती असले तर डॉक्टरांचे काम सोपे होते. माझ्या भाचीने नंतर हेच केले. ती वही मी पाहिली आहे. मराठीचा एवढा नेमका उपयोग मी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत क्वचितच पाहिला.

आपल्या हातचे

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून सुरू आहे. शाळांतून मुलींशी पाळीविषयी बोलण्यास त्यामुळे थोडी वाट झाली. परंतु अशा बोलण्यात भर बहुधा स्वच्छतेवर असतो, वेदनेचा विषय अजून मागेच राहतो. पाळीत थोडे दुखणे स्वाभाविक आहे. पण ज्या दुखण्याने मुलगी शाळा चुकविते, जेवत नाही, साध्या औषधाने ज्याला उतार पडत नाही, आणि जे दर महिन्याला असेच येते, ते स्वाभाविक नव्हे. एवढे एक वाक्य जरी प्रत्येक आईला, प्रत्येक सासूला, आणि हो, प्रत्येक बापाला पाठ झाले, तरी तेरा वर्षांची तीन वर्षे होतील. आई किंवा बहीण या रोगाने त्रस्त असेल तर मुलीच्या तक्रारीकडे अधिकच लक्ष द्यावे, कारण या रोगाचा कल घराण्यात येतो.

आमचा पांढुर्णा २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. पण अशा तपासणीसाठी लोकांची पावले अजून नागपूरच्या गाडीकडेच वळतात. तो प्रवास दीड-दोन तासांचा आहे. खरे अंतर माजघरापासून उंबऱ्यापर्यंतचे आहे, आणि तेच तोडावयास आम्हांस तेरा वर्षे लागली.

माझी भाची आज पस्तिशीच्या आत-बाहेर आहे. तिला मूल झाले नाही. ते दुःख तिने व तिच्या नवऱ्याने समजुतीने पचविले आहे. पण औषधांमुळे दर महिन्याचे ते चार दिवस तिला परत मिळाले. ती म्हणते, "मामाजी, वर्षाचे अठ्ठेचाळीस दिवस होतात. शाळेत असते तर किती शिकली असती मी!"

तेव्हापासून माझ्या शाळेत एक लहानसा पालट केला आहे. एखादी मुलगी दर महिन्याला दोन-तीन दिवस गैरहजर दिसली की पूर्वी मी पालकांस ताकीद पाठवीत असे. आता आमच्या शिक्षिकाबाई त्या मुलीला एकटीला बोलावतात व विचारतात, "बाळ, कळ येते का? कशी येते?" काही मुली हसून निघून जातात. काही रडतात. गेल्या दोन वर्षांत दोघींचे पालक आपणहून मुलीला घेऊन नागपूरला जाऊन आले. दोघींपैकी एकीचे वडील गोटमारीत दरवर्षी नदीत उतरणारे. कपाळावर टाक्यांच्या खुणा असलेला तो गडी माझ्यासमोर बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "गुरुजी, आमचं लागलेलं साऱ्या गावाला दिसते. पोरीचं मला घरात राहून दिसलं नाही."

त्याला मी काय उत्तर देणार होतो? मलाही दिसले नव्हते.